बांधावर करंट सोडला, माणूस मेला. हा खून का नाही?

यावलकर: काल इथे एकाने लिहिलं, ‘रानडुकरांसाठी लावलेल्या तारेला चिकटून कोणी मेलं तर तो अपघात, शेतकऱ्याला खुनी ठरवू नका.’ डोकंच फिरलं. खांबावर आकडा टाकून उघड्या तारेत करंट सोडतोस, रात्री शेजारी त्याच बांधावरून पाणी भरायला जातो हे तुला ठाऊक असतं, आणि तो गेल्यावर म्हणे हेतू नव्हता! कोर्टही मान डोलावतं. सरळ खुनाचं कलम लावा, जुन्या दंडसंहितेतलं ३०२, नवीन न्याय संहितेतलं १०३. एकाला जन्मठेप होऊ द्या, गावातल्या तारा रातोरात निघतील.

चोपड्याचा वकील: राग बरोबर आहे, पण हेतू वेगळा आणि जाणीव वेगळी. माणूस मरू शकतो हे माहीत असून तार लावली तर सदोष मनुष्यवध, जुना ३०४ भाग दोन, आता १०५, दहा वर्षांपर्यंत. नुसती हलगर्जी असेल तर ३०४ अ. तिथे दोन वर्षं होती, आता १०६ मध्ये पाच झाली. चेरुबिन ग्रेगरीचा खटला वाचा, बिहारचा, साठच्या दशकातला. ग्रेगरीने आपल्या संडासाच्या वाटेवर उघडी तार लावली, शेजारीण मेली. ‘ती न विचारता आत आली’ हा बचाव सुप्रीम कोर्टाने उडवून लावला, शिक्षा मात्र ३०४ अ खालीच.

यावलकर: तिथे आरोपच ३०४ अ चा होता ना? मग खुनाचा प्रश्न सुटला कुठे? खून कशाला म्हणायचं ते सांगणाऱ्या ३०० मधलं चौथं पोटकलम वाचून दाखवा की.

चोपड्याचा वकील: वाचलंय. मरण जवळपास अटळ आहे हे कळत असताना, कारण नसताना पत्करलेली जोखीम. ‘कारण नसताना’ यावरच बचाव पक्ष उभा राहतो, डुकरं हे त्याचं कारण. पण हो, वहिवाटीच्या पायवाटेवर तार टाकली असेल तर तुमचा मुद्दा टिकेल. झालं समाधान?

रावेरचा केळीवाला: तुम्ही दोघं पंख्याखाली बसून कलमं मोजा. एका रात्रीत मक्याचे दहा-बारा वाफे आडवे होतात, वनरक्षक पंचनाम्याला येईस्तोवर ताटं वाळून जातात. त्यात मोटारीची थ्री फेज लाइट रात्रीची. बिबट्याच्या भीतीने बॅटरी धरून मोटार सुरू करायला जायचं. आधी दिवसा लाइट द्या, मग आम्हाला कायदा शिकवा.

अमळनेरकर: कसाले बोलस भो? कुंपणाला लावायचं झटका मशीन मिळतं ना बाजारात! ते झटका देऊन सोडतं, जीव घेत नाही. आकडा फुकट पडतो म्हणून तो टाकता, हे बोला.

रावेरचा केळीवाला: फुकट? बिल भरतो आम्ही! जळालेली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, बदलून घ्यायला वर्गणी काढतो आम्ही! तुझं वावर आहे का, की नुसता सातबाऱ्यावर नाव लावून बसलाय?

अमळनेरकर: वावर आहे, आणि सालदारही होता, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. माझ्या आतेभावाकडे हेच झालं. तार मालकाने आणली, खटका सालदाराने दाबला. पोलीस यायच्या आत तार गुंडाळून विहिरीत. नंतर ती ‘काढून दिली’ सालदाराने, म्हणून पंचनाम्यात नाव त्याचं. मालकाने सांगितल्यावरून लावली, हे कोर्टात म्हणायला एक माणूस उभा राहिला नाही. पंच दोन्ही फितूर; एकाने तर ‘सही माझीच, पण कागद कोरा होता’ असं शपथेवर सांगितलं. मालक संशयाचा फायदा घेऊन घरी, सालदार आत. आतेभाऊ असला म्हणून काय झालं, त्याच्या दारात मी पाय ठेवत नाही.

चोपड्याचा वकील: फितूर झाला म्हणून साक्ष सगळीच बाद होत नाही, जुळणारा भाग कोर्ट घेऊ शकतं. आणि जुन्या पुरावा कायद्याच्या २७ खाली आरोपीने पोलिसांना वस्तू काढून दिली, एवढ्याने तार लावली कोणी हे सिद्ध होत नाही. मीटर कोणाचं, करंट कुठून घेतला, विद्युत निरीक्षकाचा अहवाल काय सांगतो, यावर मालकाला धरता आलं असतं. तो अहवाल मागवलाच नसेल.

यावलकर: म्हणजे तपास कच्चा, आणि सुटला मालक. मी वेगळं काय म्हणत होतो?

चोपड्याचा वकील: तुम्ही ३०२ म्हणत होता. कच्च्या तपासावर ३०२ लावलं तर सालदारसुद्धा सुटेल.

रावेरचा केळीवाला: आणि डुकरांचं काय? त्यावर कोणीच बोलणार नाही ना?