फुटबॉलर वकील होऊन फेडरेशनमध्ये गेला तर खरंच फरक पडतो का?

कूपरेज_कट्टा:
नॉर्वेची लिसे क्लावेनेस बघा. देशासाठी 73 मॅच खेळली, कायदा शिकली, वकिली केली, काही काळ न्यायाधीशाचं कामही केलं आणि मार्च 2022 मध्ये तिथल्या फेडरेशनची पहिली महिला अध्यक्ष झाली. त्याच महिन्यात दोह्याला फिफाच्या काँग्रेसमध्ये उभी राहून कतारमधल्या परदेशी मजुरांचा विषय तिने सगळ्यांच्या तोंडावर काढला. मैदान पण माहीत, कलमं पण माहीत, अशा माणसाला गप्प बसवणं सोपं नसतं. आपली पोरं खेळ सुटला की कोचिंग नाहीतर ऑफिस, तिसरं काही डोक्यातच येत नाही. मुंबईतल्या खेळाडूंनी एलएलबी करावंच, ठाम मत आहे माझं.

परळचा_स्टॉपर:
नाही पटलं. कल्याण चौबे पण गोलकीपरच होता ना, 2 सप्टेंबर 2022 ला भारताचा माजी कॅप्टन बायचुंग भुतियाला 33-1 ने हरवून आपल्या फुटबॉल फेडरेशनचा अध्यक्ष झाला, आणि तीन वर्षांनी आयएसएलचा, म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या लीगचा, सीझनच लटकला. भुतियाएवढं नाव असून एक मत! मतं राज्य संघटनांची, तिथे तुझे गोल पण कोणी मोजत नाही आणि डिग्री पण नाही. शिवाय रेल्वेत, बँकेत खेळाडू म्हणून लागलेल्या पोराने एलएलबी केलं तरी पगारी नोकरी चालू असताना वकिली करता येत नाही, बार काउन्सिलचा नियमच आहे. घर चालवणारी नोकरी सोडून चाळिशीत कोणाचातरी ज्युनियर म्हणून फायली उचलायच्या का त्याने?

फोर्टचा_वकील:
दोघंही अध्यक्षपदावरच अडकलात. आयएसएलच्या खालची लीग म्हणजे आय-लीग, तिचा 2024-25 चा मोसम एप्रिलमध्ये संपला, चर्चिल ब्रदर्सना चॅम्पियन ठरवलं, आणि जुलैत लुझानच्या क्रीडा लवादाने इंटर काशीला चॅम्पियन केलं. वाद कसला तर खेळाडूंची नोंदणी आणि पात्रता. खेळ आणि नियम दोन्ही कळणारी माणसं इथे कमी पडतात आपली.

धारावी_लेफ्टविंग:
माझ्या मावसभावाचं सांगतो. एका क्लबने इंग्रजीत तीन पानं पुढे केली, शेवटच्या पानावर सही घेतली, कॉपी दिलीच नाही. मोसमात गुडघा गेला आणि पुढच्या महिन्यापासून पगार बंद. मावशी विचारायला गेली तर म्हणे कलम वाचा, आणि कागद तर त्यांच्याच कपाटात!

परळचा_स्टॉपर:
वाईट झालं रे. पण मग त्याला चांगला वकील हवा होता, फुटबॉलर-वकील कशाला?

फोर्टचा_वकील:
दादा, मी कोर्टात कलम वाचीन. पण दुखऱ्या गुडघ्यावर इंजेक्शन मारून कोणी उतरवलं, फिजिओने आधी काय लिहून दिलेलं, त्या आठवड्यात प्रॅक्टिस किती झाली, हे मला सुचेपर्यंत कागद गायब झालेले असतात. खेळलेला माणूस पहिल्याच भेटीत हे विचारतो.

कूपरेज_कट्टा:
हेच तर. आणि 2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने फेडरेशनच्या कार्यकारिणीत किमान दोन नामवंत खेळाडू घ्यावेच लागणार, खेळातले वाद सोडवायला क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद पण आहे. त्या दोघांना फेडरेशनची घटना आणि नियमावली वाचता आली पाहिजे, नाहीतर फोटोपुरतेच राहतील.

परळचा_स्टॉपर:
पंधरा जणांच्या कार्यकारिणीत दोन. उरलेल्या तेरांपुढे ते किती टिकतात ते सांग, मग एलएलबीचं बोलू.