शब्दचर्चा : रसायनाचं ‘विघटन’ झालं म्हणजे काय झालं?

प्रश्न : ई-कचऱ्यावरच्या एका माहितीपत्रकात वाक्य आहे, ‘ज्वालारोधक रसायनांचे पर्यावरणात सावकाश विघटन होते.’ वाचणाऱ्याला वाटतं, उशिरा का होईना, पदार्थ संपतो. ‘विघटन’चा अर्थ असाच घ्यायचा का? आणि ‘ज्वालारोधक’ बरोबर आहे का?

उत्तर : ताई, ‘रोधक’ रूढ आहे, चालेल. मला ‘ज्वालामंदक’ जास्त पटतो, कारण ही रसायनं आग अडवत नाहीत, ती पसरायला उशीर लावतात. तापल्यावर त्यांतला ब्रोमीन सुटतो आणि ज्योत चालू ठेवणारे मूलक (आगीत तयार होणारे अतिक्रियाशील अणू-रेणू) पकडतो.

‘विघटन’ मात्र खरंच फसवतं. त्याचा अर्थ सुटं होणं, संपणं नव्हे. संस्थेचं विघटन झालं तरी माणसं उरतातच. टीव्हीच्या प्लास्टिक खोक्यात पूर्वी वापरलं जाणारं डेकाबीडीई (थोडक्यात ‘डेका’) हे ज्वालारोधक घ्या. त्याच्या रेणूत ब्रोमीनचे १० अणू. उन्हात, किंवा प्राणवायू नसलेल्या गाळात जिवाणूंमुळे, त्यातला एकेक अणू गळतो. मागे उरतात नऊ, आठ, सात ब्रोमीनचे रेणू, आणि पुढे आणखी कमी. हे लहान रेणू सजीवांच्या शरीरात जास्त सहज शिरतात आणि चरबीत साठतात. चार आणि पाच ब्रोमीनचे रेणू स्टॉकहोम कराराच्या (दीर्घकाळ न मोडणाऱ्या घातक रसायनांवरचा आंतरराष्ट्रीय करार) बंदीयादीत २००९ साली आले, डेका २०१७ साली. मधली आठ वर्षं यादीबाहेरच्या पदार्थाच्या ‘विघटना’तून यादीतलेच पदार्थ तयार होऊ शकत होते! अशाच रसायनांवरच्या भारताच्या २०१८ च्या नियमांतही बंदी घातलेल्या सात रसायनांत चार-पाच ब्रोमीनवाले आहेत, डेका नाही. म्हणून इथे ‘विब्रोमीकरण’, म्हणजे ब्रोमीन गळणं, असं लिहावं. शब्द जड आहे, पण खोटा दिलासा देत नाही. कर्बवायू, पाणी आणि साधे क्षार होईपर्यंत रेणू मोडला, तर त्याला ‘खनिजीकरण’ म्हणतात. पत्रकाला बहुधा तेच सुचवायचं होतं, आणि ते इथे क्वचितच घडतं.

आणखी एक मत : सर, वरच्या उत्तराशी सहमत. मला ‘पर्यावरणात’ हा शब्दही अपुरा वाटतो. तो वाचला की नदी, माती डोळ्यांपुढे येते, घर येत नाही. ही रसायनं प्लास्टिकमध्ये नुसती मिसळलेली असतात, रासायनिक बंधाने जोडलेली नसतात. त्यामुळे ती बाहेर पडून घरातल्या धुळीत उतरतात आणि रांगती मुलं ती धूळ हाताने तोंडात घालतात. स्वीडनमध्ये आईच्या दुधाचे जपून ठेवलेले नमुने तपासले, तेव्हा १९७२ ते १९९७ या काळात डेका ज्यात मोडतं त्या रसायनगटाचं प्रमाण दर पाच वर्षांनी साधारण दुप्पट होत गेलेलं दिसलं. ‘पर्यावरणात आणि शरीरात’ असं स्पष्ट लिहावं.

‘टिकाऊ रसायनं’ तर मुळीच नको. टिकाऊ हे आपल्याकडे कौतुक आहे, चपलेचं, साडीचं. ‘चिवट’ म्हणा. तसंच ‘गाळात जिरली’ असं कोणी लिहिलं तर खोडा. पाणी जिरतं, ही गाळाला चिकटून बसतात आणि पुरात गाळ हलला की पुन्हा वर येतात.

प्रश्नकर्ती : मग ‘सावकाश’च्या जागी काय?

उत्तर : आकडा द्या, ताई. स्टॉकहोम करारातली चिवटपणाची कसोटी अर्धायुकालावर आहे : पाण्यात दोन महिन्यांहून, माती किंवा गाळात सहा महिन्यांहून जास्त. फक्त ‘अर्धायुष्य’ लिहू नका, वाचक त्याची दुप्पट करून पूर्ण आयुष्य काढतो. एका अर्धायुकालानंतर निम्मं उरतं, दोनांनंतर पाव.