‘कव्हर’ला मराठीत काय म्हणावं? (निमित्त : टॉम डूली)

तबकडीवाला :
‘टॉम डूली’ या अमेरिकी लोकगीतावर लिहितोय आणि एका शब्दापाशी अडलोय. किंग्स्टन ट्रिओ या गायक-त्रिकुटाची १९५८ची तबकडी तुफान गाजली, पुढच्या वर्षी पहिल्यावहिल्या ग्रॅमी संगीत-पुरस्कारांत बक्षीसही मिळालं. तिला ‘कव्हर’ म्हणतात, म्हणजे दुसऱ्यानं आधी गायलेलं गाणं पुन्हा गाऊन काढलेली तबकडी. ‘पुनर्गायन’ चालेल?

आडवाट :
नको हो, स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका वाटते. शिवाय ‘पुन्हा’ म्हणजे कुणाच्या मागून? उत्तर कॅरोलायनातल्या विल्क्स परगण्यात १८६६ साली लॉरा फॉस्टरचा खून झाला; त्या खुनासाठी १ मे १८६८ रोजी गाण्यातल्या टॉमला स्टेट्सव्हिलला फाशी दिलं. गाणं तिथल्या डोंगरांत तोंडोतोंडी फिरलं. ग्रेसन-व्हिटर या गायक जोडीनं १९२९मध्ये ध्वनिमुद्रित केलं, १९३८मध्ये तिकडच्याच फ्रँक प्रॉफिटनं ते लोकगीतं गोळा करणाऱ्या फ्रँक वॉर्नरला ऐकवलं, वॉर्नरकडून ते अ‍ॅलन लोमॅक्सच्या लोकगीत-संग्रहात गेलं. ट्रिओची पाळी त्यानंतरची. यातलं मूळ कुठलं धरायचं? जुन्या पोथ्यांच्या वेगवेगळ्या प्रतींतल्या मजकुराला म्हणतात तसं मी ‘पाठ’ म्हणेन, आणि फरकाला ‘पाठभेद’.

नावही पाठभेदच. माणूस होता टॉम डूला. त्या डोंगरी बोलीत शेवटचा ‘आ’ ‘ई’ होतो, म्हणून डूली. नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या संगीत-कार्यक्रमाच्या नावात ‘ऑपेरा’चं ‘ऑप्री’ झालं ते असंच.

जातं :
‘पाठभेद’ बरोबर आहे, पण पोथीचा वास येतो. आमची आई आणि चुलती एकच ओवी दोन तऱ्हांनी म्हणायच्या. खरी कुठली विचारलं की आई म्हणायची, ‘त्यांच्याकडं तसं म्हणत्यात, आपल्याकडं असं.’ तुमच्या लेखात ‘विल्क्सकडं असं म्हणतात’ लिहा की!

तबकडीवाला :
पण नुसत्या चुकीला काय म्हणायचं? गाण्यात टॉम म्हणतो, ग्रेसन (गायक जोडीतला नव्हे) नसता तर मी टेनेसीत असतो. ट्रिओच्या तबकडीत सुरुवातीला बोलून प्रेमाच्या त्रिकोणाची प्रस्तावना केलीय, त्यात ग्रेसन तिसरा कोन! खरा ग्रेसन टेनेसीतला शेतकरी. फरारी टॉमनं खोटं नाव सांगून, बुटांपुरते पैसे मिळावेत म्हणून त्याच्या शेतावर काही दिवस काम केलं; नंतर त्याला पकडून देण्यात ग्रेसनचा हात होता. खरा त्रिकोण वेगळाच : टॉम, लॉरा आणि टॉमची दुसरी प्रेयसी अ‍ॅन मेल्टन. अ‍ॅनवरही खुनाचा आरोप होता, ती सुटली.

आडवाट :
हा पाठभेद नव्हे, अपपाठ, म्हणजे चुकीचा पाठ. पोथीवाल्यांकडे त्यालाही शब्द आहे, बघा.

रिकामटेकडी :
मला धृपद अडतं. ‘मान खाली घाल, टॉम डूली’ असं केलं तर शरम येते, पण मूळ इंग्रजी ‘हँग’ या क्रियापदातला फास सुटतो. तिथे मान झुकवणं आणि फाशी देणं, दोन्हीला एकच शब्द.

जातं :
असू द्या. आपल्याकडे ‘मान’ म्हणजे गळाही आणि अब्रूही. फास त्यातच अडकवता येईल. ‘डोकं झुकव’ मात्र करू नका, हिंदी वाटेल.

तबकडीवाला :
मग ठरलं : प्रॉफिट, लोकगायक डॉक वॉटसन यांचे ‘पाठ’. डॉक तर शेजारच्याच डोंगरातला. ब्रिटिश गायक लॉनी डोनेगननं मात्र १९५८मध्येच विलायतेत ट्रिओच्या पाठोपाठ तबकडी काढली, ते सरळ ‘कव्हर’.

रिकामटेकडी :
आणि २०१२मध्ये रॉक गायक नील यंगनं हे गाणं गाताना त्याला ‘टॉम डूला’ असं नाव दिलं, ते?

आडवाट :
ते शुद्धिपत्र.