पूर्वेकडची साइट : कडुनिंब, पत्रा आणि १ डिसेंबरचा अहवाल

*सोसायटी सभासद ग्रुप, होटगी रोड, सोलापूर. नोव्हेंबर, शनिवार*

वहिनी बी-४०२ (सकाळी ७:०८)
सचिव साहेब, पुन्हा तेच. कोपऱ्यातल्या कडुनिंबाच्या बुंध्याला काल रात्री शेजारच्या बिल्डरच्या पोकलेनने माती टेकवली. मागच्या मिटिंगला झाडाभोवती कठडा करायचं ठरलं होतं ना? फोटो टाकतेय. पिवळी केबल पण खोडालाच खिळे मारून अडकवलीय.

अण्णा ए-१०३ (७:११)
नियम पाठवतोय, सगळ्यांनी वाचा. केंद्राची २५ जानेवारी २०१८ ची अधिसूचना. धूळ अडवायला बांधकामाभोवती वारारोधक पत्रा, इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांश, जास्तीत जास्त १० मीटर. त्यांचा पत्रा आहे ३ मीटर.

मास्तर बी-१०१ (७:१९)
वहिनींचा फोटो मोठा करून बघा. खोड जमिनीला टेकतं तिथं मुळांमुळे फुगवटा असतो, तो दिसतच नाही. खोड खांबासारखं सरळ मातीत गेलंय. म्हणजे किमान फूट-दीड फूट भर पडलीय. अन्नपाणी ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दोन फुटांत असतात आणि त्यांना हवा लागते. ओल्या काळ्या मातीवर मशीन फिरलं की मातीतली हवा संपली. झाड लगेच मरत नाही म्हणून कोणी मनावर घेत नाही. एक-दोन वर्षांनी शेंडा वाळायला लागतो, तोवर बिल्डर ताबा देऊन मोकळा.

सचिव ए-२०२ (७:२६)
सुप्रभात. वहिनी, मी त्यांच्या साइट इंजिनिअरशी बोललो होतो. ते सहकार्य करतायत. कृपया सगळ्यांनी संयम ठेवावा.

वहिनी बी-४०२ (७:२७)
सहकार्य फोनवर चाललंय. झाडापाशी दिसत नाही.

आक्का ए-४०१ (७:३१)
त्यांचे डंपर आपल्या गेटसमोर लागतात त्याचं काय ओ? आणि आज पाणी किती वाजता सोडणार?

सचिव ए-२०२ (७:३२)
आक्का, पाणी ९ ला.

इंजिनिअर ए-५०१ (७:४४)
मुद्द्यावर येतो. फोनवर बोलणं बंद करा, लेखी द्या. त्यांचं बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या वर आहे, म्हणून पर्यावरण मंजुरी घेतलीय. तिच्या अटी पाळल्या की नाही याचा सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. १ डिसेंबर तोंडावर आलाय. त्या अहवालात ‘झाडे सुरक्षित’ असं छापून जाण्याआधी आपला कागद तारखेसह पोचला पाहिजे. नंतर कितीही ओरडलं तरी ‘आम्हाला कोणी कळवलं नाही’ हेच उत्तर येणार.

झाडाचं संरक्षण कुठपर्यंत, ते मापाने सांगा. मोघम ‘झाड वाचवा’ लिहिलं की खोडाला गोणपाट गुंडाळून फोटो पाठवतात. छातीच्या उंचीवर घेर मोजायचा. या कडुनिंबाचा घेर १५० सेंमी आहे. भागिले ३.१४, व्यास आला ४८ सेंमीच्या आसपास. त्याची १२ पट म्हणजे खोडापासून ५.७ मीटर. या वर्तुळात माती, खडी, सिमेंटच्या गोण्या, गाडी, काँक्रीट मिक्सर धुतलेलं पाणी, काही नको. सळई आणि पाइप रोवून पक्का कठडा. नुसती पट्टी बांधली तर पोकलेनवाला पहिल्याच दिवशी ती बाजूला करतो.

बंटी बी-३०३ (७:४७)
सर, ५.७ मीटर घेतला तर अर्धं वर्तुळ आपल्या पार्किंगमध्ये येतंय. आपल्या दोन गाड्या रोज त्या मुळांवरच असतात.

वहिनी बी-४०२ (७:४८)
त्यातली एक सचिवांची आहे.

सचिव ए-२०२ (७:४९)
वैयक्तिक टिप्पणी टाळावी ही विनंती. तिथं पेव्हर ब्लॉक आहेत.

मास्तर बी-१०१ (७:५३)
पेव्हर आहेत म्हणूनच आपल्या बाजूला मुळांना कमी मिळतं आणि झाड त्यांच्या मोकळ्या जमिनीवर जास्त अवलंबून आहे. तिकडची बाजू दाबली तर राहिलं काय? आणि कायद्याचंही लक्षात घ्या. महाराष्ट्राच्या १९७५ च्या झाडांच्या कायद्यात ‘झाड पाडणे’ या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. कुऱ्हाडच लागली पाहिजे असं नाही. मुळांवर भर टाकणं ही इजाच आहे, असं स्पष्ट लिहा.

अण्णा ए-१०३ (७:५५)
पुन्हा पाठवतोय, कोणी उत्तर दिलं नाही. इमारत ४० मीटर उंच. एक तृतीयांश १३ च्या वर जातं, म्हणजे १० मीटरची मर्यादा लागू. पत्रा ३ मीटर. हवा बिघडलेल्या शहरांच्या यादीत सोलापूर आहे.

बंटी बी-३०३ (७:५६)
अण्णा, तुमचा मेसेज त्या पत्र्यावरच रंगवून घेऊ 😄

अण्णा ए-१०३ (७:५७)
हसू नका. धूळ पहिल्या मजल्यावर येते, तिसऱ्यावर नाही.

इंजिनिअर ए-५०१ (८:०५)
अण्णांचा मुद्दा बरोबर आहे, पत्रात घेऊ. फक्त १० मीटर नुसता पत्रा उभा करायला सांगू नका. उन्हाळ्यात वादळी वारा सुटला की एवढं शीड पाया नसेल तर आडवं होतं, आणि ते आपल्याच भिंतीवर पडेल. खाली ३ मीटर पत्रा, वर पाइपच्या सांगाड्यावर दाट जाळी, सांगाडा काँक्रीटच्या ठोकळ्यांत. आणि पत्रा रंगवून घ्या. आत्ता कोरा पांढरा पत्रा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे, चारनंतरचं सगळं ऊन आपल्या खालच्या खिडक्यांत परततं. मळकट हिरवा किंवा खाकी, चमक नसलेला रंग. त्यावर फ्लॅटची जाहिरात नको.

आक्का ए-४०१ (८:०८)
आमच्या डोळ्यांवर चारनंतर तीच तिरीप येते. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला.

वहिनी बी-४०२ (८:१२)
पत्र्याने आम्हाला वर काय फरक पडणार? चौथ्या मजल्यावरून सगळं उघडं दिसतं. बिल्डरने ‘हिरवा पडदा’ लावू म्हणून कबूल केलं होतं, त्याचं बोला.

इंजिनिअर ए-५०१ (८:२४)
वहिनी, स्पष्ट सांगतो. झाडांचा पडदा खालच्यांना उपयोगी आहे, तुम्हाला नाही. हिशोब बघा. इमारत आपल्यापासून ४० मीटरवर आहे. तळमजल्यावर उभ्या माणसाचा डोळा १.५ मीटरवर. ६ मीटरचं झाड आपल्या भिंतीलगत, म्हणजे ८ मीटरवर लावलं, तर इमारतीचा २४ मीटरपर्यंतचा भाग झाकला जातो. तेच झाड त्यांनी स्वतःच्या इमारतीच्या पायथ्याशी, ३२ मीटरवर लावलं, तर फक्त ७ मीटर झाकले जातात. म्हणून पहिली मागणी, झाडांची रांग आपल्या हद्दीकडे हवी. त्यांच्या नकाशात ती त्यांच्या क्लब हाऊसपुढे दाखवलीय. पहिल्या मजल्याला भिंतीलगतच्या झाडाने १२ मीटरपर्यंत आडोसा मिळेल. चौथ्याला शून्य.

तुमच्यासाठी तीन गोष्टी. मचाणावरची हिरवी जाळी प्रत्येक स्लॅबला घट्ट बांधलेली हवी आणि फाटली की बदललेली हवी, आत्ता सातव्या मजल्यावर तिच्या चिंध्या लोंबतायत. दुसरं, मातीचे ढीग झाकलेले आणि २ मीटरच्या आत. तिसरं, रात्रीचे दिवे.

बंटी बी-३०३ (८:३१)
दिव्यांचं मी लिहितो. टॉवर क्रेनवर चार एलईडी फ्लड आहेत, निळसर पांढरे, आणि जवळजवळ आडवे लावलेत. आडवा फ्लड काम उजळत नाही, समोरच्या बेडरूम उजळतो. तोंड खाली करायचं, इतकं की आपल्या गॅलरीतून काच दिसता कामा नये. वर आणि बाजूला पत्र्याची टोपी. ३००० केल्विनचे पिवळसर दिवे मागा. काम थांबलं की टायमरने बंद, फक्त वाटेचे आणि गेटचे चालू. शिखरावरचा लाल दिवा राहू द्या, विमानतळ जवळ आहे, तो बंद करायला सांगू नका.

सचिव ए-२०२ (८:३४)
छान. असं नेमकं लिहिलं की बोलायला बरं पडतं. त्यांनी रांगेसाठी झाडांची यादी पाठवलीय. कोनोकार्पस, ३ मीटर उंच, वर्षात दाट होतात म्हणे. घेऊन टाकू का?

मास्तर बी-१०१ (८:३६)
नाही.

मास्तर बी-१०१ (८:४३)
कोनोकार्पस इथला नाही. मुळं पाण्याच्या मागे लांब जातात, गटार आणि पाइपच्या सांध्यांत शिरतात. आपली ड्रेनेज लाइन त्याच भिंतीलगत आहे. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्यावर बंदी घातली. करंज मागा, सोबत कडुनिंब, मधे मधे कांचन. करंज इथल्या उन्हाला टिकतो, सावली दाट, काळी माती सोसतो.

वहिनी बी-४०२ (८:४५)
करंज पडदा होईपर्यंत पाच वर्षं जातील मास्तर. आम्ही पाच वर्षं काय बघायचं?

मास्तर बी-१०१ (८:४७)
आणि ड्रेनेज फुटल्यावर काय बघायचं? तळमजल्यावर या तेव्हा.

सचिव ए-२०२ (८:४८)
कृपया 🙏

इंजिनिअर ए-५०१ (८:५८)
मधला मार्ग आहे. करंजाची रोपं मोठी घ्यायला लावा. कायद्यात २०२१ ला दुरुस्ती झालीय. तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी नवी झाडं, लावताना ६ ते ८ फूट उंच, प्रत्येकाचं जिओटॅगिंग आणि ७ वर्षं निगा. त्यांनी जी झाडं आधीच पाडली त्यांचा हिशोब याच रांगेत मागायचा. शिवाय मंजुरीच्या सर्वसाधारण अटीप्रमाणे दर ८० चौरस मीटर जमिनीला एक झाड. प्लॉट ८,००० चौरस मीटरचा, म्हणजे १०० झाडं. ही वेगळी, ती वेगळी. दोन्ही एकाच आकड्यात मिसळून दाखवतात, तिथं लक्ष ठेवा.

मास्तर बी-१०१ (९:०६)
लावणी आता नको, जूनमध्ये चांगला पाऊस झाल्यावर. खड्डे मात्र उन्हाळ्यात काढून तापू द्यावेत. १ मीटर लांब, रुंद, खोल. नुसत्या काळ्या मातीत लावलं तर पावसाळ्यात खड्ड्यात पाणी तुंबतं आणि उन्हाळ्यात भेगा पडून मुळं तुटतात. म्हणून तळाला मुरूम, वर माती आणि कुजलेलं शेणखत. त्यांनी काढलेला वरचा २० सेंमी मातीचा थर वेगळा साठवायची अट आहे, तोच इथं वापरायचा. आत्ता तो थर आणि पायाचा राडारोडा एकाच ढिगात आहे. सिमेंट मिसळलेल्या मातीत रोप पिवळं पडतं.

दोन झाडांत ३ ते ४ मीटर, भिंतीपासून किमान दीड मीटर. काठीला सैल बांधायचं, सुतळी सहा महिन्यांनी बघायची, नाहीतर ती खोडात रुतते. आळ्यात उसाचं पाचट ३-४ इंच, खोडाला न टेकवता.

आक्का ए-४०१ (९:१०)
आणि पाणी कुठून? आपल्यालाच रोज येत नाही. शंभर झाडांना उजनी आणणार का?

मास्तर बी-१०१ (९:१३)
प्रत्येकी ४० लिटर, आठवड्यातून दोनदा. १०० झाडांना आठवड्याला ८,००० लिटर. त्यांच्या सांडपाणी प्रक्रियेचं पाणी इमारत राहती झाल्यावरच मिळेल, तोवर टँकर त्यांनीच आणायचा. हे पत्रात नसेल तर पहिल्या मेमध्येच निम्मी रोपं जळतील.

अण्णा ए-१०३ (९:१५)
पत्र्याची उंची पत्रात पहिल्या क्रमांकावर घ्या. पुन्हा सांगतो, १० मीटर.

वहिनी बी-४०२ (९:१६)
पहिला क्रमांक कडुनिंबाचा. पत्रा उद्या वाढवता येतो.

इंजिनिअर ए-५०१ (९:२९)
वहिनींशी सहमत. नव्या शंभर रोपांचं आश्वासन देऊन उभं झाड सोडवून घेतलं जातं, आणि आपण आकड्याला भुलतो. आहे ते झाड आधी.

आता नोंदीचं. आपल्याकडे शेकड्याने फोटो आहेत पण एकही तुलनेचा नाही. कोणी झूम केलंय, कोणी संध्याकाळी काढलाय. पाच जागा ठरवू: गेट, कोपरा, पहिल्या मजल्याचा जिना, बी-४०२ ची गॅलरी, गच्ची. जमिनीवर रंगाची खूण, मोबाईल डोळ्याच्या उंचीवर, आडवा धरून, झूम न करता मुख्य कॅमेरा, सकाळी नऊच्या सुमारास. महिन्यातून दोनदा. दिव्यांसाठी गॅलरीतून रात्रीचा एक. हाँगकाँगमध्ये मोठ्या प्रकल्पांना बांधकाम चालू असेपर्यंत झाडं आणि दृश्याची पाहणी साधारण दर पंधरवड्याला करायला लावतात, आणि काय चुकलं तर कोणी काय करायचं हे आधीच ठरलेलं असतं. एकदा चूक दिसली की ठेकेदाराला लेखी आणि कारण विचारायचं. तीच चूक पुन्हा झाली की पाहणीच्या खेपा वाढवायच्या, दुरुस्ती होईपर्यंत. तेवढंच आपण करू.

मास्तर बी-१०१ (९:३३)
कडुनिंबाचा नोव्हेंबरचा फोटो पुढच्या नोव्हेंबरशीच ताडायचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो पानं गाळतो, मग नवी तांबूस पालवी येते. तेव्हाचा फोटो दाखवून ‘झाड मेलं’ म्हटलं तर ते आपल्याला खोटं पाडतील.

सचिव ए-२०२ (९:३८)
मंजूर. पत्र मी आज लिहितो, सोमवारी इंद्रभुवनात महापालिकेच्या उद्यान विभागाला आणि एक प्रत बिल्डरला, दोन्हीकडून पोच घेऊन. क्रम: कडुनिंब, पत्रा-जाळी, दिवे, माती, झाडांची रांग. माझी गाडी आज काढतो तिथून.

आक्का ए-४०१ (९:४०)
डंपर राहिले.

सचिव ए-२०२ (९:४०)
डंपर सहावे.

मास्तर बी-१०१ (९:४४)
माती काढायची पद्धत पण लिहा, नाहीतर पोकलेनच लावतील आणि उरलेली मुळं तुटतील. खोडापासून बाहेरच्या दिशेने, खोऱ्याने, शेवटचे सहा इंच हाताने. फुगवटा दिसला की थांबायचं. खिळे उपटून केबल वेगळ्या खांबावर. मग भरपूर पाणी.

वहिनी बी-४०२ (९:५१)
पोकलेन चालू झाला. बकेट कोपऱ्याकडेच वळतेय. कोण खाली येतंय?

मास्तर बी-१०१ (९:५१)
निघालो.

अण्णा ए-१०३ (९:५२)
मी टेप घेऊन येतो, ५.७ मीटर आजच मोजून चुन्याने आखू. बंटी, चुना वॉचमनच्या खोलीत आहे.