लाकडाच्या स्टोव्हची चिमणी साफ करायला ब्रश कुठला घ्यावा?

प्रश्न:
मंडळी, व्हरमाँटमध्ये जुनं घर घेतलंय, त्यात लाकडावर चालणारा स्टोव्ह आहे आणि वरपर्यंत ६ इंची स्टेनलेस स्टीलचा लायनर, म्हणजे चिमणीच्या आत बसवलेली नळी. थंडी सुरू व्हायच्या आत स्वतःच साफ करायचा विचार आहे. दुकानात तारेचे ब्रश, प्लॅस्टिकचे ब्रश, ड्रिलला लावायचे दांडे, डोकं गरगरलं बघून. नेमकं काय घेऊ?

उत्तर १:
स्टेनलेस लायनर ना, मग तारेचा नको, पॉलीचा म्हणजे प्लॅस्टिकचा घ्या, तारेने ओरखडे पडतात. तारेचा मातीच्या टाइलवाल्या चिमणीला ठीक. साइझ ६ ला ६च, लहान घेतला की काजळी कडेला तशीच.

उत्तर २:
ड्रिलवाला किट मस्त, खालूनच काम होतं, छपरावर चढायची कटकट नाही. फक्त आट्यांचे, म्हणजे एकमेकांत फिरवून बसवायचे दांडे असतील तर ड्रिल उलटं फिरवू नका, दांडे सुटून ब्रश वरच अडकतो, मग बसा बोंबलत. बटण दाबून अडकवायचे दांडे बरे. आणि घरातला व्हॅक्यूम राखेला लावू नका प्लीज!! बारीक काजळी फिल्टरमधून निघून घरभर, वर निखारा राहिला असेल तर आगच.

उत्तर ३:
आधी टॉर्च मारून बघा. काजळी भुसभुशीत असेल तर ब्रशने निघेल, पण डांबरासारखा चकचकीत थर असेल तर साध्या ब्रशने काही होत नाही, सरळ चिमणीवाला बोलवा. तसंही वर्षातून एकदा तपासणी करायचीच, एनएफपीए २११ (चिमण्यांसाठीचं अमेरिकेतलं अग्निसुरक्षेचं मानक) तेच सांगतं. आणि लाकूड ओलं जाळू नका, ओलावा २०% च्या खाली हवा, मॉइश्चर मीटर स्वस्तात मिळतो.