मैत्रिणींवरच्या हलक्याफुलक्या कादंबऱ्या सुचवा (हिरो नको!)

पानपान: सुट्टीत समुद्रकिनारी नुसतं लोळायचा प्लॅन आहे, त्यासाठी कादंबरी हवीये. मैत्रिणी, त्यांचं मोठं होणं, भांडणं, अबोले, परत जुळणं असं काहीतरी. दर वेळी पन्नासएक पानं झाली की कुणीतरी देखणा टपकतो आणि मैत्रीण बिचारी फोनवर "हं, मग?" म्हणण्यापुरती उरते, तसलं नको. इंग्रजी चालेल.

निवांतवाचक: 'द सिस्टरहुड ऑफ द ट्रॅव्हलिंग पँट्स', अ‍ॅन ब्रॅशेअर्स, 2001. टीनएजर्सचं म्हणून नाक मुरडू नकोस. चौघी पहिल्यांदाच उन्हाळ्यात वेगवेगळ्या, एक ग्रीसला, एक मेक्सिकोत फुटबॉल कॅम्पला, एक वडिलांकडे, एक घरीच, आणि चौघींना बसणारी एकच जीन्स आळीपाळीने फिरत राहते. जीन्सचे नियम आहेत, पहिलाच म्हणजे ती कधीच धुवायची नाही (ईईई). कार्मेनचा भाग भारी जमलाय, वडिलांनी न सांगताच नवा संसार थाटायला घेतलेला असतो आणि ही बया शेवटी त्यांच्या खिडकीवर दगड भिरकावते. मैत्रिणीवर भडकणं सोपं, बापावर अवघड, हे न शिकवता बरोब्बर आलंय त्यात.

उशीरालतीफ: मोठ्यांचं हवं असेल तर ज्युडी ब्लूमचं 'समर सिस्टर्स' (1998). ती मुलांसाठी लिहिते म्हणून हे घरातल्या मुलीच्या हातात देऊ नका, पार मोठ्यांचं आहे. सुरुवातच अशी की केटलिन व्हिक्सला फोन करून सांगते माझं लग्न ठरलंय, करवली तूच, आणि नवरा कोण तर व्हिक्सचं पहिलं प्रेम! मग गोष्ट मागे 1977 च्या उन्हाळ्यात जाते, मार्थाज व्हिनयर्ड बेटावर. पुरुष आहेत पण भाव खाऊन जातात त्या दोघीच. केटलिनचा मला अधूनमधून इतका राग आला की पुस्तक आपटलं, तरी परत उचललंच.

चहाबाज: 'फायरफ्लाय लेन' पण बघ, क्रिस्टिन हॅना, 2008. शाळेपासून पुढची तीसेक वर्षं, एक टीव्हीवर स्टार होते, दुसरी घरसंसारात.

उशीरालतीफ: @चहाबाज हलकंफुलकं म्हणालीये ती!! शेवटी हुंदके देत बसेल बीचवर

पानपान: रडायचं नाहीये बाबांनो. समर सिस्टर्स घेतेय. पँट्सवाल्यांचे पुढचे भाग पण बरे आहेत का?

निवांतवाचक: आहेत, पण 2011 चा 'सिस्टरहुड एव्हरलास्टिंग' आत्ता नको, त्यात चौघी तिशीला टेकल्यात आणि... जाऊ दे, सुट्टीवरून आल्यावर वाच.