औषध हळूहळू सोडणाऱ्या गोळ्यांची विषबाधा: ठणठणीत दिसणाऱ्या रुग्णाला किती तास थांबवावे?

मूळ मत
व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम या रक्तदाबावरील औषधांच्या सस्टेन्ड रिलीज, म्हणजे औषध हळूहळू सोडणाऱ्या, गोळ्या प्रमाणाबाहेर पोटात गेलेला रुग्ण पुष्कळदा स्वतःच्या पायांनी आपत्कालीन विभागात येतो, त्याची नाडी आणि रक्तदाब ठीक असतात आणि सहा तासांनी त्याला घरी सोडण्याचा मोह होतो. धोका नेमका इथेच आहे, कारण औषध आतड्यात अजून सुटतच असते आणि रक्तदाब बारा तासांनंतरही कोसळू शकतो. गोळ्या एकमेकींना चिकटून पोटात त्यांचा गठ्ठा झाला, तर शोषणाचा अंदाजच बांधता येत नाही. म्हणून पाकिटावर एसआर, एक्सआर किंवा सीआर ही अशा हळू सुटणाऱ्या औषधाची अक्षरे दिसली की रुग्णाला सरसकट २४ तास मॉनिटरवर ठेवावे, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १
‘सरसकट’ हा शब्द मला मान्य नाही. ती अक्षरे औषध सुटण्याचा वेग सांगतात, त्याचा विषारीपणा नव्हे. डायक्लोफेनॅक एसआर हे वेदनाशामक आणि व्हेरापामिल एसआर यांना एकच नियम लावला, तर खरोखर गंभीर रुग्णासाठी खाट उरणार नाही. शिवाय मॉनिटर सगळे दाखवत नाही. मॉडिफाइड रिलीज, म्हणजे हळू सुटणाऱ्या, पॅरासिटामॉलमध्ये चार तासांनी घेतलेली रक्तातील एकच पातळी फसवी ठरू शकते. तिथे पुन्हा रक्त तपासावे लागते, हृदयाचा आलेख पाहून यकृताची इजा कळत नाही. याच कारणासाठी युरोपीय औषध नियामकाने २०१७ मध्ये त्या गोळ्यांची विक्री थांबवण्याची शिफारस केली होती.

मूळ लेखकाचे उत्तर
डायक्लोफेनॅकचा मुद्दा मान्य. पण पाकीट हाती असतेच असे नाही. नातेवाईक ‘बीपीची गोळी’ एवढेच सांगतात, आणि मग शंकेचा फायदा रुग्णालाच मिळायला हवा. दुसरे असे की पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या द्रावणाने संपूर्ण आतडे धुऊन काढण्याचा उपाय रुग्ण ठीक असतानाच करता येतो; रक्तदाब कोसळून आतड्याची हालचाल थांबली की तो मार्ग बंद होतो.

प्रतिसाद २
मग वाद तासांचा नाहीच. बुप्रोपिऑन या नैराश्यावरील औषधाच्या एक्सआर गोळ्यांनंतर आकडीचा (फिटचा) झटका बऱ्याच उशिरा येऊ शकतो, तोही मॉनिटरवर आधी दिसत नाही. शिरेत सलाइनची सुई, जवळ परिचारिका आणि विषबाधेबाबत सल्ला देणाऱ्या केंद्राला पहिल्याच तासात केलेला फोन यांवाचून नुसते २४ तास थांबवून काय साधणार?